साखर, विसर आणि घरातली बाई

(भातलावणी उरकल्यावर मुठा, ता. मुळशी येथे खोऱ्यातल्या बचतगटांची बैठक झाली. त्या बैठकीत केलेलं हे भाषण. बोलण्याच्या ओघात दोनदा आलेलं तेवढं गाळलं आहे. ज्या कुटुंबाची हकीगत यात आली आहे, ती त्यांना विचारून सांगितली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

मैत्रिणींनो, आणि पुढे सतरंजीवर बसलेल्या आज्यांनो,

लावणी संपली, पाय चिखलातून बाहेर आले, म्हणून आजचा दिवस ठरला. मला निरोप देणाऱ्या ताईंनी फोनवरच बजावलं होतं, "शुगरवर बोला, पण काय खायचं आणि काय नाही ते नको. ते आम्हाला पाठ आहे. पाठ असून आम्ही करत नाही, ते वेगळं." तेव्हा पथ्याचं राहू द्या. साखरेची एक बाजू अशी आहे जी आपल्या बैठकांत फारशी निघत नाही, ती आज मांडते. डोळा जातो, मूत्रपिंड जातं, पायाची जखम भरत नाही, हे आता गावोगाव माहीत झालंय. पण साखरेचा मेंदूशी, आठवणीशी संबंध आहे हे आपण बोलत नाही. मी समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण घेतलं, दहा-अकरा वर्षं समुपदेशन केंद्रात बसते, आणि मलाही ते कळलं नव्हतं. ते कसं कळलं तिथूनच सुरुवात करते. त्यात माझी चूक आहे.

तीन वर्षांपूर्वी आमच्या केंद्रात एक सून आली. वय चौतीस, पिरंगुटच्या बाजूला एका कारखान्यात पॅकिंगचं काम करणारी. तिची तक्रार आपण शंभर वेळा ऐकलेली. सासू चोरीचा आळ घेते. पेटीतले पैसे तू काढलेस म्हणते. जेवणात काहीतरी घातलंस म्हणून ताट सरकवते. शेजारच्या माणसाचं नाव घेऊन नको ते बोलते. नवरा कामावरून आला की सासू त्याला सांगते, आणि त्याने दोनदा हात उचलला होता. मी केसपेपर भरला : सासूकडून मानसिक छळ, पतीकडून मारहाण. दोघांना पत्र पाठवलं.

सासूबाई आल्या. सहासष्ट वर्षांच्या, स्वच्छ नऊवारी, कपाळावर गोंदण. साक्षरतेच्या वर्गात सही शिकलेल्या. रजिस्टरवर त्यांनी ठसठशीत अक्षरात नाव लिहिलं. बोलणं गोड. सुनेला त्रास देणार नाही म्हणाल्या. मला वाटलं, चला, एक मिटलं. दुसऱ्या बैठकीला पुन्हा तेच. मी जरा आवाज चढवून त्यांना कायद्याची जाणीव करून दिली. तिसऱ्या बैठकीला त्या आत आल्या, माझ्याकडे पाहून हसल्या आणि म्हणाल्या, "तू कुणाची गं?" मला वाटलं, मुद्दाम करतायत. उठताना त्यांनी कमरेची पिशवी सोडली, तिच्यात गोळ्यांची तीन-चार पाकिटं होती, आणि मला विचारलं, "सकाळची घेतली का गं मी?" मी म्हटलं, "आजी, ते मला कसं माहीत? सुनेला विचारा."

हे माझं वाक्य मी अजून विसरलेले नाही. समोर बाई मला सांगत होती की तिला काय होतंय. मी ते ऐकलं आणि फाइल बंद केली.

दोन महिन्यांनी सुनेचा फोन आला. संध्याकाळी सासूबाई घरातून निघून गेल्या होत्या. रात्री नऊला रस्त्याच्या कडेला सापडल्या, अनवाणी. माहेरी चालले म्हणत होत्या. त्यांचं माहेर धरणात गेलंय, त्याला तीस वर्षं होतील. पाण्याकडे तोंड करून घर शोधत होत्या.

मग आम्ही त्यांना शहरातल्या डॉक्टरांकडे नेलं. उपाशीपोटी साखर तीनशेच्या वर. रक्तदाब वाढलेला. ब-१२ जीवनसत्त्व अगदी तळाला. जुने कागद काढले तेव्हा कळलं की साखर चौदा वर्षांपूर्वीच सापडली होती, पायाची जखम चिघळली तेव्हा. जखम भरली आणि गोळ्या थांबल्या. पुढे कधी पैसे असले की घेतल्या, कधी जावेच्या घेतल्या, कधी अर्धी तोडून दोन दिवस पुरवली. मेंदूच्या तपासणीत बारीक रक्तवाहिन्या ठिकठिकाणी बंद पडल्याच्या खुणा निघाल्या. डॉक्टरांनी सांगितलं, हा स्मृतिभ्रंश आहे. थोडा रक्तवाहिन्यांमुळे, थोडा अल्झायमरच्या जातीचा, दोन्ही मिळून असावा. पैसे चोरल्याचा आळ, जेवणाचा संशय, हे त्याच आजाराचं बोलणं होतं. ठेवलेली वस्तू कुठे ठेवली ते आठवत नाही. मग ती कुणीतरी घेतली असणार, आणि घरात दिवसभर दिसणारी परकी बाई एकच, सून.

आता कुणी म्हणेल, म्हणजे सुनेची तक्रार खोटी होती का? अजिबात नाही. तिला त्रास झाला तो खराच होता. आणि सासूबाईंच्या बोलण्यामागे आजार होता हे कळलं, तरी मुलाने हात उचलला त्याचं काय? त्याला कुठलाही आजार नव्हता. ती तक्रार आम्ही मागे घेतली नाही.

आता साखर आणि आठवण यांचा संबंध काय तो सांगते. तुमच्याच शेतातलं उदाहरण घेऊ. डोंगरउतारावर खाचरं एकाखाली एक असतात. वरच्या खाचरातून खालच्यात पाणी उतरतं. मधल्या वाटा गाळाने भरल्या, बांध खचले, तर वरच्या खाचरात पाणी तुंबतं आणि शेवटचं खाचर कोरडं राहतं. मेंदूतही मोठ्या रक्तवाहिन्यांपासून केसाहून बारीक वाहिन्यांपर्यंत अशीच उतरंड आहे. रक्तात साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की या बारीक वाहिन्यांच्या भिंती जाड आणि कडक होतात. रक्तदाब सोबतीला असला की काम लवकर होतं. शेवटच्या पेशींपर्यंत रक्त पोचत नाही. एकेक लहानसा तुकडा निकामी होतो, तेव्हा कळतही नाही. ना तोंड वाकडं होतं, ना हात लुळा पडतो. बाई नुसती हळू होते, चिडकी होते, भाजीत दोनदा मीठ घालते.

दुसरी वाट इन्सुलिनची. साखर पेशीत पोचवायला इन्सुलिन लागतं एवढं आपल्याला माहीत आहे. इन्सुलिन मेंदूतही काम करतं, आठवण पक्की होण्यात त्याचा हात असतो. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की मेंदूतलं हे कामही बिघडतं, आणि अल्झायमरमध्ये जो चिकट कचरा साठतो त्याचा निचरा मंदावतो असं संशोधकांना दिसू लागलंय. यातलं सगळं अजून उलगडलेलं नाही. पण मेंदू किती खादाड आहे ते पहा : शरीराच्या वजनाचा पन्नासावा हिस्सा, आणि शरीराला लागणाऱ्या ऊर्जेचा पाचवा हिस्सा तो एकटा घेतो. त्याच्या पुरवठ्यात कमी झालं तरी बिघाड, जास्त झालं तरी बिघाड.

हे कुणी नुसतं तर्काने मांडलेलं नाही. हॉलंडमधल्या रॉटरडॅम शहरात सहा हजारांहून अधिक वयस्क माणसांना काही वर्षं तपासत राहिले. १९९९ साली त्याचा निष्कर्ष छापून आला : मधुमेह असलेल्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचा धोका जवळजवळ दुप्पट. २०१६ साली वेगवेगळ्या देशांतल्या चौदा अभ्यासांची माहिती एकत्र केली, माणसं तेवीस लाख. त्यात हा धोका दीडपटीहून थोडा जास्त निघाला, बायांत आणि पुरुषांत साधारण सारखाच. पण रक्तवाहिन्यांमुळे होणारा जो स्मृतिभ्रंश आहे, त्यात मधुमेह बायांना पुरुषांपेक्षा जास्त महागात पडतो असं दिसलं. तो वाढीव धोका सुमारे एकोणीस टक्के.

धोका वाढतो म्हणजे होणारच असं नाही, हेही सांगून ठेवते. साखर असलेल्या बहुतेक बायांना हे होत नाही. आज घरी जाऊन कुणी किल्ली विसरली म्हणून रडत बसू नका. मीही चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधते.

आता आपल्याकडचं बघू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीचे आकडे २०२३ साली आले : देशात दहा कोटींवर लोकांना मधुमेह. त्याच वर्षी साठीपुढच्या माणसांच्या स्मृतिभ्रंशाची देशव्यापी पाहणी प्रसिद्ध झाली. साठीपुढच्या शंभरातल्या सात-साडेसात जणांना तो आहे. पुरुषांत हे प्रमाण शंभरी सहाच्या आत, बायांत नऊ. शहरापेक्षा खेड्यात जास्त. न शिकलेल्यांत जास्त. म्हणजे खेड्यातली, शाळेत न गेलेली, साठी ओलांडलेली बाई. आपल्या बैठकीत पुढच्या रांगेत कोण बसतं, मैत्रिणींनो?

बाया जास्त जगतात म्हणून त्यांच्यात हा आजार जास्त, असं सांगून हा प्रश्न सोडवला जातो. तेवढ्यावर माझं समाधान होत नाही. २०२४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने स्मृतिभ्रंशाची अशी चौदा कारणं सांगितली, जी टाळता किंवा कमी करता येतात. मधुमेह त्यातलं एक. बाकीची वाचताना मी पेन्सिलीने खुणा करत गेले. लहानपणी शिक्षण कमी मिळणं. ते कुणाचं तुटलं? डोक्याला मार लागणं. आयोगाच्या मनात अपघात, खेळ वगैरे असणार. माझ्या डोळ्यांसमोर आमच्या केंद्रातले केसपेपर आले, "डोकं भिंतीवर आपटलं", "मुसळाने मारलं". एकटेपण. उदासीनतेचा आजार. हवेचं प्रदूषण, त्यात चुलीचा धूर आलाच. कमी ऐकू येणं, कमी दिसणं. म्हाताऱ्या बाईच्या मोतीबिंदूला घरात शेवटचा नंबर. उंच रक्तदाब. आयोगाचं म्हणणं, ही चौदाही कारणं जन्मापासून म्हातारपणापर्यंत सांभाळली तर जगातल्या जवळजवळ निम्म्या स्मृतिभ्रंशाला आळा बसू शकेल किंवा तो पुढे ढकलला जाईल. स्त्रियांच्या चळवळीने गेली पन्नास वर्षं ज्या मागण्या केल्या, त्यातल्या कितीतरी या यादीत वैद्यकीय भाषेत बसल्या आहेत. मुलीला शाळेत पाठवा, बाईला मारू नका, हे सांगताना आपण म्हाताऱ्या बाईच्या मेंदूचंही रक्षण करत होतो, आपल्याला ठाऊक नव्हतं एवढंच.

मघाशी चहाच्या वेळी एक मावशी म्हणाल्या, "आम्ही काटकुळ्या, आम्हाला कसली शुगर? ती शेठाणीला." याचं उत्तर पुण्यातच मिळालंय. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायांचा अभ्यास सुरू केला. त्या बायांची बाळं सरासरी पावणेतीन किलोच्याही किंचित आत भरली. इंग्लंडच्या बाळांशी तुलना केली तेव्हा दिसलं की आपली बाळं मांसाने कमी, पण चरबीने तितकी कमी नाहीत. वरून रोड, आतून चरबी. पुढे २००४ साली याज्ञिकांनी आपला आणि एका इंग्रज डॉक्टर मित्राचा जोडफोटोच छापला. उंची-वजनाचं गुणोत्तर दोघांचं अगदी एक, २२.३. पण मित्राच्या अंगात चरबी नऊ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात एकवीस टक्के! तेव्हा साडी सैल होते म्हणून साखर नाही, असं समजू नका. दिवसभर डोक्यावर मोळी वाहणारीलाही ती असते.

त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट निघाली, ती आपल्या जिव्हाळ्याची आहे. त्या खेड्यांतल्या बऱ्याच गरोदर बायांच्या रक्तात ब-१२ कमी होतं. ज्या आयांच्या रक्तात ब-१२ कमी आणि फॉलिक आम्ल भरपूर, त्यांची मुलं सहा वर्षांची झाली तेव्हा त्यांच्या अंगात इन्सुलिनला दाद न देण्याचा कल जास्त दिसला. ब-१२ मिळतं दुधातून, अंड्यातून, मासळी-मटणातून. घरात दूध आधी कुणाला? डेअरीला, मग मुलांना, मग धन्याला. बाईच्या वाट्याला चहापुरतं. म्हणजे सुनेच्या ताटात जे पडत नाही त्याचा परिणाम नातवापर्यंत जातो. आणि ब-१२ कमी असलं की म्हातारपणी विसरही पडतो, हातापायाला मुंग्याही येतात. साखरेची जी नेहमीची गोळी आहे, मेटफॉर्मिन, ती वर्षानुवर्षं घेतली की ब-१२ आणखी उतरतं. म्हणून गोळी बंद करायची नाही. ब-१२ तपासून घ्यायचं. विसर पडायची काही कारणं अशी बरी होणारी असतात : ब-१२, थायरॉइड, लघवीचा जंतुसंसर्ग, मनाची उदासी. "आता वय झालं" म्हणून कोपऱ्यात बसवण्याआधी एवढं तरी पाहायला हवं.

आता उपासाचं. इथे मी जरा हळू बोलते, कारण कुणाची श्रद्धा मोडायला मी आलेली नाही. मी लहान असताना आमच्या आळीत एक बाई होत्या, त्यांना साखर होती हे नंतर कळलं. नवरात्रात त्या नऊ दिवस उपास करायच्या आणि सकाळची गोळी मात्र न चुकता घ्यायच्या, डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून. सहाव्या-सातव्या माळेला त्यांना दरदरून घाम फुटायचा, हात थरथरायचे, डोळे फिरायचे, काहीबाही बोलायच्या. बायका हळदकुंकू घेऊन जमायच्या. देवी आली म्हणायच्या. कुणीतरी ओटीतला गूळ-खोबऱ्याचा प्रसाद तोंडात घालायचं आणि दहा-पंधरा मिनिटांत बाई शुद्धीवर यायच्या. मी स्वतः त्यांच्या पाया पडलेली आहे! आज मला वाटतं, ती त्यांची साखर उतरलेली असायची आणि गुळाने वर यायची. अंगात येणारी प्रत्येक बाई अशीच असते असं मी म्हणत नाही, त्याला मनाची, कोंडलेल्या रागाची दुसरीही कारणं आहेत आणि आपण त्यावर पूर्वी बोललोय. पण साखरेची गोळी घेणारी बाई उपाशी असताना असं करू लागली, तर आधी तोंडात साखर. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालायचं नाही, सरळ दवाखाना.

साखर अशी वारंवार एकदम उतरणंही मेंदूला बाधतं. मधुमेही वृद्धांच्या एका अमेरिकन अभ्यासात २००९ साली दिसलं की ज्यांना साखर उतरून दवाखान्यात न्यावं लागलं होतं, त्यांना पुढे स्मृतिभ्रंश जास्त झाला. मग जितकी साखर खाली तितकं चांगलं का? तसंही नाही. साखर फार कडक धोरणाने खाली आणून आठवण वाचते का, हे अमेरिकेतच एका मोठ्या चाचणीत तपासलं, २०११ साली निकाल आला, आणि आठवणीच्या परीक्षेत फरक पडला नाही. म्हाताऱ्या माणसाला बेताने सांभाळावं, उपाशी ठेवून गोळ्या वाढवू नयेत, हे शहाणपण त्यातून निघालं. खरी वेळ आहे चाळिशी-पन्नाशीची. साखर जितक्या लवकरच्या वयात लागते तितका पुढचा धोका जास्त. म्हणून मी पुढच्या रांगेपेक्षा मागच्या रांगेकडे बघून बोलतेय. ज्यांना बाळंतपणात साखर निघाली होती आणि नंतर "गेली" म्हणून सांगितलं, त्यांनी हात वर करा. चार. तुम्ही दरवर्षी तपासायचं. ती परत यायची शक्यता इतरांपेक्षा कितीतरी पट असते. आणि रक्तदाब विसरू नका. आठवण वाचवण्याच्या बाबतीत रक्तदाब सांभाळल्याचा पुरावा साखरेपेक्षाही चांगला आहे.

फिनलंडमध्ये साठी ओलांडलेल्या बाराशेवर माणसांपैकी निम्म्यांना दोन वर्षं चौरस आहार, व्यायाम, डोक्याला खुराक आणि रक्तदाब-साखरेवर नजर असा एकत्र कार्यक्रम दिला. २०१५ साली निकाल आला, त्यांची बुद्धी इतरांपेक्षा चांगली टिकली. तुम्ही म्हणाल, व्यायाम आम्हाला कमी आहे का? लावणीत कमी नाही. पण लावणीनंतर? खोऱ्यातली वरई-नाचणी कमी झाली, डोंगर विकला गेला, घरी रेशनचा पांढरा तांदूळ आणि चहाबरोबर बिस्किटं. हे मी तुमच्या तोंडून ऐकलेलंच सांगतेय.

डोंगर विकला गेला म्हटलं, तर तेही बोलून घेते. या तालुक्यात जमिनीचा भाव तुम्हाला मी सांगायला नको. सातबाऱ्यावर विधवा बाईचं, आत्याचं, बहिणीचं नाव लागलेलं असतं. बाई विसरायला लागली की तिच्याकडे प्रेमाने येणारी माणसं वाढतात. मघाच्या सासूबाईंना सही येत होती हे मी मुद्दाम सांगितलं. पुढे एक कागद आमच्यासमोर आला, हक्कसोडीचा. त्यावर त्यांचा अंगठा होता! घरातल्याच माणसाने, मुलाला न सांगता, दुपारच्या वेळी गाडीत घालून नेलं होतं. त्याची लढाई चालू आहे, म्हणून जास्त बोलत नाही.

कायदा आपल्या बाजूने आहे एवढं ध्यानात ठेवा. १८७२ सालचा करार कायदा म्हणतो की करार करताना माणसाला तो समजण्याची आणि आपलं हित-अहित ठरवण्याची शक्ती हवी. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ सालच्या कायद्यात प्रांताधिकाऱ्यांकडे दाद मागता येते. सांभाळण्याच्या अटीवर जमीन-घर लिहून दिलं आणि सांभाळलं नाही तर ते रद्द करून मागता येतं. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा फुकटचा फोन आहे. पण याची दुसरी बाजूही आहे. बाईला वेडी ठरवून तिच्या हातून सगळं काढून घ्यायचं हत्यार आपल्याला नवं नाही. विसरायला लागली म्हणजे तिला काहीच कळत नाही, असा त्याचा अर्थ होत नाही. काल काय जेवली ते विसरणारी बाई, आपलं शेत कुणाला द्यायचं नाही हे पक्कं सांगू शकते. तेव्हा डॉक्टरांचा कागद कोण मागतंय आणि कशासाठी मागतंय, हे प्रत्येक वेळी विचारलं पाहिजे.

आणि सांभाळणार कोण? त्या सुनेने अखेर पॅकिंगचं काम सोडलं. तिला कुणी सोडायला सांगितलं नाही. दुसरं कुणी सोडेल असा विचारच घरात झाला नाही. गोळ्या मोजून देणं, आंघोळ, रात्री दाराला कडी, आणि वर "चोर" म्हणून घेणं. मी तिला म्हटलं, आता तुला कळलंय ना आजार आहे? ती म्हणाली, "ताई, कळलं म्हणून कान बंद होतात का?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. नंतर आम्ही मुलाला आणि नणंदेला बोलावून दिवस वाटून दिले. कागदावर वाटले. पहिले तीन महिने पाळले गेले, मग नणंद यायची थांबली. मुलगा रविवारी आईला आंघोळ घालतो, लाजत का होईना. सासूबाईंच्या संशयाचं बोलणं ब-१२ची इंजेक्शनं आणि औषधांनी थोडं कमी झालंय. विसर तसाच आहे. पूर्वीसारख्या त्या होणार नाहीत.

आम्ही आमच्या केंद्रातला केसपेपर आता बदललाय. सासूविरुद्ध तक्रार असली की तीन गोष्टी विचारतो : वय किती, साखर-रक्तदाब आहे का, आणि हे वागणं कधीपासून, का आधीपासूनच अशी आहे. जी पंचवीस वर्षं छळतेय तिला आजाराच्या आड लपू द्यायचं नाही. जी दोन वर्षांत बदलली तिला डॉक्टरांकडे न्यायचं. इतर संघटनांतल्या मैत्रिणी इथे आल्या आहेत, त्यांनी आपापल्या कागदावर हे घालता येईल का पाहावं.

बचतगटांकडे माझं एकच मागणं आहे. महिन्याच्या हप्त्याच्या बैठकीला म्हाताऱ्या सभासद येतात, त्यांच्याकडे लक्ष ठेवा. हिशेबात हुशार असलेली बाई दोनदा हप्ता द्यायला लागली, नोट ओळखेना, ओळखीच्या वाटेवर चुकली, गोष्टीतला शब्द सापडेना, तर हसू नका. "साठी बुद्धी नाठी" म्हणून सोडून देऊ नका. तीस वर्षांवरच्या सगळ्यांची साखर आणि रक्तदाब सरकारी उपकेंद्रात फुकट तपासायचा आहे, गोळ्याही फुकट मिळायच्या आहेत. मिळत नसतील तर तोही आपल्या बैठकीचा विषय आहे, ग्रामसभेचाही आहे.

आशाताई मशीन घेऊन मागच्या खोलीत बसल्या आहेत. ज्यांनी चहा घेतलाय त्यांनी तसं सांगा, म्हणजे त्या वेळ लिहून घेतील. सासूबाईंना किंवा आईला सोबत घेऊन आलेल्यांनी आधी जावं, त्यांना साडेचारची एसटी पकडायची आहे. आणि आज्यांनो, पिशवीतल्या गोळ्या बरोबर न्या. सगळ्या. जावेच्या असतील त्यासुद्धा.